केव्हिन फायगी यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी लिहू लागल्यापासून नायकांबद्दल जितकी विचारणा होते, जवळजवळ तितकीच पडद्यावर न दिसणाऱ्या एका माणसाबद्दल होते. तेच तेच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिल्यामुळे ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केव्हिन फायगी नेमके कोण आहेत, आणि हे आडनाव उच्चारायचे तरी कसे?

उच्चार 'फायगी' असा आहे. इंग्रजी अक्षरांवरून होणारे 'फीज' किंवा 'फेज' हे दोन्ही उच्चार चुकीचे आहेत. ते २००७ पासून मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या चित्रपट-शाखेचे, म्हणजे मार्व्हल स्टुडिओजचे, प्रमुख आहेत आणि २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून या स्टुडिओने स्वतः काढलेल्या चित्रपटांवर निर्माता म्हणून त्यांचे नाव सातत्याने आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना संपूर्ण मार्व्हलचे 'चीफ क्रिएटिव्ह ऑफिसर' हे पद मिळाले आणि चित्रपटांबरोबरच मालिका व कॉमिक्स यांची सर्जनशील बाजूही त्यांच्याकडे आली. त्यांचा जन्म २ जून १९७३ रोजी बोस्टनमध्ये झाला आणि ते न्यू जर्सीतील वेस्टफील्ड या गावात वाढले. त्यांच्या आईचे वडील रॉबर्ट शॉर्ट हे अमेरिकेत दुपारी लागणाऱ्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांचे निर्माते होते. कधीच न संपणारी गोष्ट सांभाळण्याचा धंदा या घराला असा आधीपासून ठाऊक होता.

२. निर्माता म्हणजे पैसे घालणारा ना? मग फायगींनी स्वतःचे किती पैसे घातले?

आपल्याकडे 'निर्माता' म्हटले की घरदार पणाला लावून चित्रपट काढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओत मात्र चित्र निराळे असते. तेथे पैसा कंपनीचा असतो आणि निर्माता हा त्या पैशातून नेमके काय घडवायचे, कोणाकडून घडवून घ्यायचे आणि कोणत्या टप्प्यावर थांबवायचे हे ठरवणारा माणूस असतो. फायगी हे मार्व्हलचे आणि २००९ नंतर पर्यायाने डिस्नीचे पगारदार अधिकारी आहेत. कथाबीज निवडणे, लेखक आणि दिग्दर्शक नेमणे, नटांची निवड मान्य करणे, संकलनाच्या टेबलाशी बसून चित्रपटाचे अंतिम रूप ठरवणे आणि एका चित्रपटातील घटनेचा पुढच्या चित्रपटाशी मेळ घालणे, हे त्यांचे काम. त्यांतले शेवटचे काम इतर निर्मात्यांना सहसा करावे लागत नाही, आणि त्यांची ओळख त्याच कामावर उभी आहे.

३. चित्रपटसंस्थेने त्यांना पाच वेळा नाकारले होते, ही गोष्ट खरी की प्रेरणादायी व्याख्यानांतली?

ती खरी आहे. लॉस एंजलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागातच शिकायचे, असा त्यांचा हट्ट होता, कारण त्यांचे आवडते जॉर्ज लुकस आणि रॉबर्ट झेमेकिस तेथूनच शिकून गेले होते. विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण चित्रपट विभागाने पाच अर्ज फेटाळले आणि सहावा स्वीकारला. १९९५ मध्ये ते पदवीधर झाले. शिकत असतानाच त्यांनी निर्मात्या लॉरेन शुलर डॉनर आणि त्यांचे पती, १९७८ च्या 'सुपरमॅन'चे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, यांच्या कार्यालयात उमेदवारी केली. या पती-पत्नींपैकी दिग्दर्शकाकडे न जाता ते निर्मातीच्या हाताखाली रुजू झाले, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील पहिला निर्णायक क्षण तोच होता.

४. सुरुवातीला ते करत तरी काय होते?

सहायकाला जे करावे लागते ते सर्व. 'व्होल्कॅनो' (१९९७) आणि 'यू हॅव गॉट मेल' (१९९८) हे त्या काळातील चित्रपट. दुसऱ्या चित्रपटाची सारी कथा ई-मेलभोवती फिरते आणि नायिका मेग रायन यांना ई-मेल कसा उघडायचा हे शिकवण्याचे काम फायगींकडे आले होते.

५. वुल्व्हरीनच्या केसांचा किस्सा काय आहे?

'एक्स-मेन' (२०००) हा चित्रपट लॉरेन शुलर डॉनर काढत होत्या. आपल्या सहायकाला ही कॉमिक्स तोंडपाठ आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला सहयोगी निर्माता करून टाकले. टोरंटोला चित्रीकरण सुरू असताना वुल्व्हरीन साकारणाऱ्या ह्यू जॅकमन यांच्या केसांचा प्रश्न निघाला. कॉमिक्समधील वुल्व्हरीनचे केस दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे वर गेलेले असतात. केशरचनाकाराला ते हास्यास्पद वाटत होते. फायगी त्याला पुन्हा पुन्हा परत पाठवत राहिले. प्रत्येक खेपेस केस थोडे अधिक वर जात, आणि शेवटी वैतागून त्याने अगदी टोकाची रचना करून दाखवली. पडद्यावर तीच राहिली. आज तो चित्रपट पाहताना ते केस खरोखर अवाढव्य वाटतात, पण त्यामुळे कोणाचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

हा किस्सा मला मोलाचा वाटतो तो पुढच्या वीस वर्षांची पद्धत त्यात सापडते म्हणून. 'मूळ कॉमिक्स पोरकट आहेत, पडद्यावर ती झाकली पाहिजेत' हा त्या काळातील स्टुडिओंचा समज होता. त्यामुळे त्याच चित्रपटात सर्वांना पिवळ्या पोशाखाऐवजी काळे चामडे घालावे लागले. सहायकाच्या हाती तेव्हा फक्त केस होते. पिवळा पोशाख घालून जॅकमन संपूर्ण चित्रपटभर वावरले ते थेट २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरीन'मध्ये, आणि तेव्हा फायगी स्टुडिओचे प्रमुख होते.

६. एक्स-मेन आणि स्पायडर-मॅन मार्व्हलचेच, मग ते इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांत का होते? आणि पात्रे गहाण टाकल्याची गोष्ट काय?

मार्व्हल कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९८ मध्ये 'टॉय बिझ' या खेळण्यांच्या कंपनीत ती विलीन होऊन सावरली, परंतु त्याआधीही आणि नंतरही रोख पैशाची चणचण होतीच, आणि विकण्याजोगी वस्तू म्हणजे पात्रांचे चित्रपट-हक्क. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे गेले, स्पायडर-मॅन सोनीकडे, हल्क युनिव्हर्सलकडे. 'एक्स-मेन'नंतर स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख अवी अराद यांनी फायगींना मार्व्हल स्टुडिओजमध्ये घेतले खरे, पण त्या काळातला स्टुडिओ म्हणजे सल्लागारांचे छोटे कार्यालय होते. इतर स्टुडिओंच्या पटकथा वाचायच्या, सूचना पाठवायच्या, आणि त्या मानल्या जातील की नाही याची वाट पाहायची.

कलाटणी मिळाली ती २००५ मध्ये, आणि ती फायगींनी दिलेली नव्हती. मार्व्हलचे अधिकारी डेव्हिड मेझल यांनी मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरपर्यंतच्या अर्थसाहाय्याची व्यवस्था केली. त्यासाठी तारण म्हणून दहा पात्रांचे किंवा मालिकांचे चित्रपट-हक्क लावले गेले. कॅप्टन अमेरिका, अ‍ॅव्हेंजर्स, निक फ्युरी, ब्लॅक पँथर, अँट-मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, हॉकआय, शांग-ची, क्लोक अँड डॅगर आणि पॉवर पॅक अशी ती यादी होती. चित्रपट पडले असते, तर हे हक्क हातचे गेले असते. त्या वेळी यातील बहुतेक नावे अमेरिकेतील सामान्य प्रेक्षकालाही ठाऊक नव्हती, आणि म्हणूनच ती शिल्लक राहिली होती. चांगली भांडी आधीच बाजारात गेल्यावर माळ्यावरची उरावीत, तशी.

या यादीत आयर्न मॅन नाही, हे वाचकांना खरे वाटत नाही. त्याचे हक्क न्यू लाइन या स्टुडिओकडे होते आणि ते नोव्हेंबर २००५ मध्ये, म्हणजे कर्जाची बोलणी झाल्यावर, मार्व्हलकडे परत आले. ज्या पात्राने सगळा डोलारा उभा केला, ते मुळात तारणातही नव्हते.

७. इतक्या लहान वयात ते स्टुडिओचे प्रमुख कसे झाले?

अवी अराद २००६ मध्ये बाहेर पडले आणि मार्च २००७ मध्ये निर्मिती विभागाचे अध्यक्षपद फायगींकडे आले. त्यांचे वय तेव्हा ३३ होते. सर्व पात्रांचा इतिहास डोक्यात असलेला आणि सहा-सात वर्षे दुसऱ्यांच्या चुका जवळून पाहिलेला माणूस त्या जागी हवाच होता. 'आयर्न मॅन'साठी दिग्दर्शक जॉन फॅव्हरो यांनी रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा आग्रह धरला. व्यसनाधीनतेच्या भूतकाळामुळे त्यांना घेणे धोक्याचे मानले जात होते, म्हणून त्यांची पडदा-चाचणी घेऊन वरिष्ठांना पटवण्यात आले. चित्रपट मे २००८ मध्ये लागला आणि त्याने जगभरात सुमारे ५८.५ कोटी डॉलर मिळवले.

श्रेयनामावली संपल्यावर निक फ्युरीच्या भूमिकेतील सॅम्युअल जॅक्सन अंधारात उभे असल्याचा तो छोटा प्रसंग मोजक्या माणसांनिशी चित्रित केला गेला आणि पूर्वप्रयोगांच्या प्रतींतून मुद्दाम वगळला गेला, जेणेकरून पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकालाच तो दिसावा. त्या मिनिटभराच्या प्रसंगाने प्रेक्षकांना दिवे लागल्यावरही खुर्चीत बसून राहायला शिकवले. आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही सफाई कामगार झाडू घेऊन उभे आणि निम्मे प्रेक्षक जागेवरच, हे दृश्य त्यानंतर नेहमीचे झाले.

८. सर्व चित्रपट एकमेकांना जोडण्याची कल्पना त्यांचीच का?

नाही. एका पात्राने दुसऱ्याच्या कथेत डोकावण्याची रीत स्टॅन ली, जॅक कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कॉमिक्समध्ये रूढ केली. चित्रपटांत युनिव्हर्सलने १९४० च्या दशकातच आपले राक्षस एकमेकांसमोर उभे केले होते. स्वतःच चित्रपट काढून पात्रे आपल्या ताब्यात ठेवण्याचा व्यावसायिक आराखडा मेझल यांचा होता. फायगींचे श्रेय वेगळे आहे. पाच स्वतंत्र चित्रपट, त्यांचे वेगवेगळे दिग्दर्शक, वेगवेगळ्या करारांनी बांधलेले नट आणि दोन निरनिराळे वितरक, हे सगळे सांभाळून २०१२ मध्ये या नायकांना एकत्र आणणारा 'द अ‍ॅव्हेंजर्स' त्यांनी प्रत्यक्षात आणला. कल्पना सुचणारे पुष्कळ होते. त्यानंतर इतर स्टुडिओंनी अशीच विश्वे घाईघाईने जाहीर केली. त्यांतली बरीचशी एक-दोन चित्रपटांतच आटोपली.

९. त्यांच्या हाताखाली दिग्दर्शकाला स्वातंत्र्य असते का?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी इतके टोकाचे बोलले जाते की पद्धत काय आहे हे आधी सांगितलेले बरे. मार्व्हलच्या चित्रपटांत मोठ्या हाणामारीच्या प्रसंगांची संगणकावरील कच्ची रूपरेषा फार आधी तयार होऊ लागते, अनेकदा पटकथा पक्की होण्याच्याही आधी. चित्रीकरण झाल्यावर पुन्हा काही दिवस चित्रीकरण होणार, हे अंदाजपत्रकातच धरलेले असते. त्यामुळे इतर ठिकाणी संकटाची खूण मानला जाणारा रीशूट येथे कामाचा नेहमीचा भाग असतो. दीर्घकाळचे सहकारी एकेका चित्रपटाची जबाबदारी घेतात, आणि कच्चा चित्रपट फायगींसमोर आला की ते संकलनात हात घालतात. याचा अर्थ असा की हाणामारी आणि शेवट यांवर स्टुडिओची पकड घट्ट असते, तर माणसांचे बोलणे, विनोद, वातावरण आणि पोशाख यांत दिग्दर्शकाला वाव मिळतो.

हे ज्यांच्या स्वभावाला जुळले त्यांची भरभराट झाली. अँथनी आणि जो रुसो हे बंधू दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांतून आले आणि त्यांनी चार चित्रपट केले. रायन कूगलर यांचा 'ब्लॅक पँथर' आणि टायका वायटीटी यांचा 'थॉर : रॅग्नारोक' हे चित्रपट अन्य कोणाचे वाटूच शकत नाहीत. उलट एडगर राइट यांनी 'अँट-मॅन'वर अनेक वर्षे काम करून मे २०१४ मध्ये तो सोडला, आणि स्कॉट डेरिक्सन जानेवारी २०२० मध्ये 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागातून बाहेर पडले. दोन्ही वेळा कारण सर्जनशील मतभेद असेच सांगितले गेले. माझे मत विचाराल तर, ज्या दिग्दर्शकाला चित्रपटाचा शेवट स्वतःच ठरवायचा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला मोठे घर बांधून तयार मिळाल्यावर आतल्या खोल्या मनासारख्या सजवायच्या आहेत, त्याच्यासाठी ही जागा वाईट नाही.

१०. डिस्नीने मार्व्हल घेतल्यावर फायगींचा अधिकार कमी झाला की वाढला?

लगेच काहीच झाले नाही, आणि नंतर वाढला. ऑगस्ट २००९ मध्ये डिस्नीने सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्व्हल घेण्याची घोषणा केली, परंतु फायगींचे वरिष्ठ न्यूयॉर्कमधील आयझॅक पर्लमटर हेच राहिले. पर्लमटर यांची काटकसर प्रसिद्ध आहे. शिवाय पटकथांवर अभिप्राय देणारी एक सर्जनशील समिती होती, ज्यात कॉमिक्सचे लेखक आणि संपादक बसत. २०१५ मध्ये हा ताण टोकाला गेला. त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस रचना बदलली, फायगी थेट डिस्नी स्टुडिओजचे प्रमुख अ‍ॅलन हॉर्न यांच्या हाताखाली आले आणि समिती गुंडाळण्यात आली. 'ब्लॅक पँथर' आणि 'कॅप्टन मार्व्हल' हे दोन चित्रपट त्यानंतर पडद्यावर आले.

११. स्पायडर-मॅन सोनीचा आहे, तर त्यावर फायगींचे नाव कसे?

फेब्रुवारी २०१५ मधील करारामुळे. पैसा आणि वितरण सोनीचे, सर्जनशील निर्मिती मार्व्हलची, अशी ती वाटणी होती. त्यामुळे टॉम हॉलंड यांचा स्पायडर-मॅन २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये आला, आणि पुढच्या 'होमकमिंग', 'फार फ्रॉम होम', 'नो वे होम' या चित्रपटांवर एमी पास्कल यांच्याबरोबर फायगींचे नाव निर्माता म्हणून आले. ऑगस्ट २०१९ मध्ये हा करार मोडला आणि महिन्याभरात पुन्हा जुळला. येथेच अनेकांची गल्लत होते: 'व्हेनम', 'मॉर्बियस' हे सोनीने स्वतंत्रपणे काढलेले चित्रपट आहेत आणि त्यांच्या निर्मितीत फायगी नाहीत. सुरुवातीला 'मार्व्हल' हे नाव झळकले म्हणजे चित्रपट त्यांचा, असे समजू नये. 'मार्व्हल स्टुडिओज' हे दोन्ही शब्द एकत्र आहेत का, ते पाहावे.

१२. मग 'डेअरडेव्हिल' आणि 'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिका त्यांच्या आहेत की नाहीत?

मूळ मालिका त्यांच्या विभागाच्या नाहीत. त्या 'मार्व्हल टेलिव्हिजन' या वेगळ्या विभागाच्या होत्या आणि त्याचे प्रमुख जेफ लोब होते. चित्रपटांतील घटनांचे पडसाद मालिकांत उमटत, पण उलट प्रवास सहसा होत नसे. मालिकांत जग बुडाले तरी चित्रपटांतल्या कोणाला त्याची वार्ता नसे. २०१९ अखेर तो विभाग बंद करून मालिकांचे काम फायगींकडे देण्यात आले. डिस्नी प्लसवर जानेवारी २०२१ मध्ये आलेली 'वांडाव्हिजन' ही त्यांच्या स्टुडिओची पहिली मालिका.

अपवाद येथूनच सुरू होतो. डिसेंबर २०२१ मध्ये चार्ली कॉक्स यांचा डेअरडेव्हिल 'नो वे होम'मध्ये आणि व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओ यांचा किंगपिन 'हॉकआय' मालिकेत दिसला, म्हणजे जुन्या विभागाची पात्रे नव्या घरात आली. त्यानंतरची 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' (मार्च २०२५) मात्र फायगींच्या अखत्यारीतील आहे. तिचे बरेच चित्रीकरण झाल्यावर २०२३ मध्ये काम थांबवून मुख्य लेखक बदलण्यात आले आणि डॅरिओ स्कार्डापेन यांना शोरनर, म्हणजे लेखनापासून निर्मितीपर्यंत सारी मालिका सांभाळणारा माणूस, म्हणून आणण्यात आले. तोपर्यंत मार्व्हल मालिकांनाही चित्रपटासारखेच वागवत होते: एक मुख्य लेखक, एक दिग्दर्शक, आणि अखेरचा हात स्टुडिओचा. दूरचित्रवाणीच्या धंद्यात शोरनर का लागतो, हे शिकायला त्यांना बरीच किंमत मोजावी लागली.

१३. त्यांना ऑस्कर मिळाले आहे का?

व्यक्तिशः नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन निर्मात्याच्या नावे असते, आणि 'ब्लॅक पँथर'ला २०१९ मध्ये हे नामांकन मिळाले तेव्हा त्यावर एकट्या फायगींचे नाव होते. सुपरहिरोपटाला त्या विभागात मिळालेले ते पहिले नामांकन. चित्रपटाच्या सात नामांकनांपैकी वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत ही तीन ऑस्कर प्रत्यक्षात मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेतील निर्मात्यांच्या संघटनेने त्यांना डेव्हिड सेल्झनिक यांच्या नावाचा पुरस्कार दिला.

१४. 'एंडगेम' हा आजवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट आहे ना?

होता, पावणेदोन वर्षांच्या आसपास. २६ एप्रिल २०१९ रोजी भारतात लागलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवून जुलैमध्ये 'अवतार'ला मागे टाकले. मार्च २०२१ मध्ये 'अवतार' चीनमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने पहिले स्थान परत घेतले.

१५. 'एंडगेम'नंतर गाडी कुठे घसरली? दोष फायगींचा की डिस्नीचा?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची येतात, आणि बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. मी आकड्यांपासून सुरुवात करतो. २००८ ते २०१९ या अकरा वर्षांत २३ चित्रपट आले, म्हणजे वर्षाला सरासरी दोन. एकट्या २०२१ मध्ये चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. डिस्नी प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले होते, महासाथीमुळे चित्रपटगृहे बंद पडली आणि वर्गणीदार टिकवण्यासाठी सतत नवे काही लागत होते. मागणी वरून आली यात शंका नाही. डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले की संख्या वाढल्याने लक्ष विखुरले.

पण फायगींकडे दोष नाही असेही म्हणवत नाही. त्यांची सारी पद्धत (प्रश्न ९) एका गोष्टीवर उभी होती: प्रत्येक गोष्ट शेवटी त्यांच्या नजरेखालून जायची. वर्षाला दोन चित्रपट असताना एक माणूस ते करू शकतो. वर्षाला नऊ गोष्टी असताना त्याला करता येत नाही. पण व्यवस्था तर तीच राहिली. मग पटकथा पक्की होण्यापूर्वी चित्रीकरण, त्यामुळे शेवटच्या घटकेला बदल, आणि त्या बदलांचा भार व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकीय दृश्यपरिणामांच्या, कलाकारांवर, अशी साखळी तयार झाली. मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स विभागातील कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केले, ते या पार्श्वभूमीवर.

त्यातच नशीबही फिरले. 'ब्लॅक पँथर'चे नायक चॅडविक बोसमन यांचे ऑगस्ट २०२० मध्ये निधन झाले. जोनाथन मेजर्स यांनी साकारलेल्या कँग या खलनायकाभोवती पुढील अनेक वर्षांची कथा गुंफली होती; डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवल्यावर त्यांना वगळण्यात आले आणि आराखडाच बदलावा लागला. त्याच वर्षीच्या 'द मार्व्हल्स'ने जगभरात जेमतेम २०.६ कोटी डॉलर मिळवले, जो या मालिकेतील नीचांक आहे.

यानंतर वेग कमी करण्यात आला. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' हा एकच चित्रपट आला आणि त्याने १३३ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. २०२५ मधील तीनपैकी एकालाही १०० कोटींचा टप्पा गाठता आला नाही, पण 'थंडरबोल्ट्स' आणि 'फँटॅस्टिक फोर' यांना समीक्षकांनी बरे म्हटले. मला स्वतःला 'थंडरबोल्ट्स' आवडला. त्यात पुढच्या चित्रपटाची जाहिरात कमी आणि माणसांच्या एकटेपणाची गोष्ट अधिक होती.

१६. भारताशी त्यांच्या चित्रपटांचा काही संबंध आला आहे का?

आला आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. 'द अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये ब्रूस बॅनर कोलकात्याच्या वस्तीत डॉक्टरी करताना दिसतो; ते कोलकाता प्रत्यक्षात न्यू मेक्सिकोत उभारले होते, आणि आपल्या डोळ्यांना ते लगेच कळते. 'एटर्नल्स' (२०२१) मध्ये कुमेल नान्जियानी यांचा किंगो हिंदी चित्रपटांचा नट दाखवला आहे, आणि त्याचा सहायक करुण म्हणून आपले हरीश पटेल पूर्ण लांबीच्या भूमिकेत आहेत. अमर योद्ध्यांच्या घोळक्यात छोटा कॅमेरा घेऊन धावणारा हा साधा माणूस त्या जड चित्रपटातला सर्वांत हलकाफुलका भाग आहे. 'मिस मार्व्हल' (२०२२) मालिकेत कथा कराचीत आणि १९४७ च्या फाळणीपर्यंत जाते. तिच्यात मोहन कपूर नायिकेचे वडील आहेत आणि फरहान अख्तर यांचीही छोटी भूमिका आहे. 'मुंबॅटन' हे शहर मात्र सोनीच्या अ‍ॅनिमेशनपटातील आहे, त्याचे श्रेय येथे देऊ नये (प्रश्न ११).

१७. ते 'स्टार वॉर्स'चा चित्रपट काढणार होते, त्याचे काय झाले?

सप्टेंबर २०१९ मध्ये तशी घोषणा झाली होती. २०२३ मध्ये तो प्रकल्प बारगळल्याचे स्पष्ट झाले.

१८. आता पुढे काय ठरले आहे?

कँगऐवजी डॉक्टर डूम हा खलनायक मध्यभागी आला आहे आणि ती भूमिका रॉबर्ट डाउनी ज्युनियर करणार, हे जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात जाहीर झाले. दिग्दर्शनासाठी रुसो बंधूंना परत बोलावले आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे'साठी १८ डिसेंबर २०२६ आणि 'सीक्रेट वॉर्स'साठी डिसेंबर २०२७ या तारखा ठरवण्यात आल्या. ज्या नटाला घेण्यासाठी २००६ मध्ये वरिष्ठांची समजूत काढावी लागली (प्रश्न ७), त्याच्याकडेच अडचणीच्या काळात परत जावे लागणे, याला काही जण शहाणपण म्हणतात, काही जण हात टेकणे. मला दोन्ही थोडे थोडे खरे वाटते.

१९. 'शी-हल्क'च्या शेवटच्या भागात केव्हिन नावाचा यंत्रमानव येतो, तो म्हणजे फायगीच का? त्यांना याचा राग आला नाही?

होय, तो त्यांच्यावरचाच विनोद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्या भागात नायिका स्वतःच्या मालिकेच्या शेवटावर चिडून थेट मार्व्हलच्या कार्यालयात शिरते आणि 'केव्हिन'ला भेटायचे म्हणते. तिच्यासमोर येते ते सगळ्या कथा ठरवणारे एक यंत्र, ज्याच्या नावाची आद्याक्षरे जुळवून 'केव्हिन' होते. ती वाद घालून शेवट बदलून घेते. त्याआधी ते यंत्र तिला हिरवे रूप सोडून पुन्हा साधी बाई व्हायला सांगते, कारण ते रूप महागडे आहे आणि व्हीएफएक्सची मंडळी दुसऱ्या कामाला लागली आहेत. प्रश्न १५ मधील तक्रार अशी मार्व्हलच्याच मालिकेत, मार्व्हलच्याच खर्चाने बोलून दाखवली गेली.

फायगी जाहीर कार्यक्रमांत कायम बेसबॉलची टोपी घालून असतात, म्हणून लेखिका जेसिका गाओ आणि त्यांच्या चमूने त्या यंत्रालाही टोपी द्यायचे ठरवले होते. गाओ यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, या थट्टेवर फायगींचा आक्षेप एवढाच होता की यंत्रमानव टोपी कशाला घालेल. त्यामुळे टोपी निघाली, आणि यंत्राच्या वरच्या बाजूला टोपीच्या पुढच्या कडेसारखा दिसणारा एक काळा भाग तेवढा ठेवण्यात आला.